हात मागे, डोळे पुढे : नाशिक ते बोर्डी, तीन दिवस

दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट आधी सांगते, कारण ती घडली नसती तर ही सहलच झाली नसती.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे कोकणातल्या एका किनाऱ्यावर होतो. घोट्याएवढ्या पाण्यात उभा असलेला माझा पुतण्या एकदम किंचाळला. त्याच्या पायाला निळा दोरा गुंडाळला गेला होता आणि दोऱ्याखाली चाबूक ओढल्यासारखी लाल रेघ उठत होती. भोवती माणसं जमली. एकाने ओली वाळू चोळायला सांगितली, दुसऱ्याने लिंबू आणायला पळवलं. मी पिण्याच्या पाण्याची अख्खी बाटली त्याच्या पायावर ओतली. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही त्या पाच मिनिटांत आमच्या हातून जे जे झालं ते सगळं चुकीचं होतं, आणि प्रत्येक उपायानंतर त्याचं रडणं वाढत गेलं. शेवटी जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचा पाय गरम पाण्यात बुडवून ठेवला आणि अर्ध्या तासात तो शांत झाला. त्यानंतर दोन वर्षं त्याने समुद्राचं नाव काढलं नाही.

आम्ही गोदाकाठची माणसं. पुराचं पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं यावरून त्याचा अंदाज बांधता येतो आम्हाला. समुद्राचं मात्र काहीच कळत नाही. पाणी दिसलं की चपला काढून धावत सुटायचं, एवढंच येतं. म्हणून या वर्षी ठरवलं की पाण्यात न उतरता समुद्र बघायला जायचं, तेही भर पावसाळ्यात, जेव्हा ते निळे दोरे, म्हणजे जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या ब्लू बॉटल नावाच्या जिवाचे डंखाचे धागे, किनाऱ्याला लागतात. पुतण्या आता पंधरा वर्षांचा आहे. त्याला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काकू, पाण्यात जायचं नसेल तर येतो."

शुक्रवार : डोंगराच्या दोन उतारांवर

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. सहाला गंगापूर रोड सोडला. नवरा, मी, दहा वर्षांची लेक, पुतण्या आणि सासूबाई. त्र्यंबकला पोहोचेपर्यंत पावसाने काचेपलीकडचं सगळं पुसून टाकलं होतं आणि ब्रह्मगिरी ढगात गडप. श्रावणात या रस्त्याने जाणार असाल तर सोमवार टाळाच. तिसऱ्या सोमवारी तर फेरीला एवढी गर्दी लोटते की गाडी पुढे सरकत नाही.

चहाला थांबलो तेव्हा लेकीने विचारलं, "हे पाणी बोर्डीच्या समुद्रात जाणार का?" या प्रश्नाने मला फार आनंद झाला. याच डोंगररांगेत पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब गोदावरीतून सुमारे १४६५ किलोमीटर फिरून बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेच्या उतारावरचा थेंब वैतरणेला लागून अरबी समुद्रात जातो. दोन थेंबांमध्ये हातभर अंतर असलं तरी एक आंध्रात पोहोचणार आणि दुसरा पालघरच्या किनाऱ्याला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण आज दुसऱ्या थेंबाबरोबर निघालोय."

मोखाडा आणि जव्हारचा रस्ता पावसाळ्यात बघावा. उतारांवर नाचणी आणि वरई, खाली भाताची खाचरं, वळणावळणाला धबधबा. जव्हारच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बाई पानांच्या द्रोणात करटुली विकत होती, ती घेतली. पुढे डहाणूपर्यंत रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. नाशिकपासून साधारण दीडशे किलोमीटर होतात, पण घाट, पाऊस आणि धुकं धरून पाच तास हाताशी ठेवा. मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांना घोलवड स्टेशन जवळ पडतं.

बोर्डीत आमचा मुक्काम चिकूच्या वाडीतल्या एका घरात होता. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि वाडीत शिरल्यावर त्या झाडांचा दाट, गोल, काळोखा हिरवा रंग बघून ते पटतं. घराच्या काकू सत्तरीच्या पुढच्या. मी भरतीची वेळ बघायला फोन काढला तर त्या हसल्या.

"आज तिथी कोणती?"

"संकष्टी. चतुर्थी."

"चार पाऊणे तीन. तीनच्या सुमाराला भरती. उद्या पंचमी, पाच पाऊणे पावणेचार. परवा सहा पाऊणे साडेचार. आमच्याकडे थोडी मागेपुढे होते, पण चुकत नाही."

पाऊणकीचा पाढा! सासूबाईंना तो येत होता, मला नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि त्यात सहा तासांचा फरक धरला की ओहोटीची. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. तिथीच चंद्रावर चालते, म्हणून हे गणित बसतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि तितकंच मागेही हटतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा दोन्ही बेताचं. किनारा बघायचा असेल तर उधाणानंतरचे तीनचार दिवस आणि सकाळची ओहोटी गाठा. आम्हाला हे नशिबाने जुळून आलं होतं.

तीनच्या पुढे आम्ही सुरूच्या बनाआडून समुद्र बघितला. मातकट तपकिरी पाणी, लाटा थेट झाडांच्या मुळांपर्यंत आणि वारा एवढा की छत्री उलटी झाली. गेले चार दिवस असंच वारं सुटलंय, काकू म्हणाल्या. मी मनात म्हटलं, मग उद्या काहीतरी सापडणार. निळे दोरेवाले जीव स्वतः पोहत नाहीत, वारा नेईल तिकडे जातात. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा त्यांना आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना यांचे डंख झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

तिथेच उभं राहून मी मुलांना तीन दिवसांचा नियम सांगितला. वाळूवर काहीही दिसलं तरी दोन हात लांब थांबायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि मग वाकून बघायचं. लेकीने लगेच हात मागे बांधले. पुतण्या लाटांकडेच बघत होता.

रात्री ढगांमुळे चंद्र काही दिसला नाही. पंचांगातली वेळ बघून सासूबाईंनी उपास सोडला. आम्ही आणलेली करटुली काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन कंटोळी झाली होती, नुसती तेलावर खरपूस परतलेली. शिवाय हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पान उलगडताना जी वाफ येते तिचा वास या सहलीतून मी घरी आणलाय असं अजूनही वाटतं.

शनिवार : भरतीची रेघ

नऊला निघालो. पाऊस थांबला होता. बोर्डीचा किनारा एवढा सपाट आहे की ओहोटीला पाणी लांब, पार लांब जातं, आणि जिथे काल लाटा होत्या तिथे ओली, आरशासारखी वाळू पसरलेली असते. सगळ्यांच्या पायात बंद बूट होते. वाळूत न दिसणारा निळा दोरा चपलेतून सहज पायाला लागतो, म्हणून यात तडजोड नको.

शोधायला पाण्याकडे जायची गरजच नाही. भरती जिथवर आली होती तिथे काटक्या, सुरूची सुयांसारखी पानं, शिंपले, थर्माकोल आणि प्लास्टिक यांची एक लांबलचक रेघ उठलेली असते. त्या रेघेने चालत राहायचं. समुद्राने काल काय काय आणलं याची ती यादीच असते.

पहिला शोध लेकीचा. "आई, निळं बटण!"

खरंच बटण. रुपयाच्या नाण्याएवढी पांढुरकी, तकतकीत चकती, तिच्यावर मधून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा आणि भोवती गर्द निळ्या धाग्यांची झालर. इंग्रजीतही याला निळं बटणच म्हणतात, शास्त्रीय नाव पॉर्पिटा. ओल्या वाळूतल्या वाटीभर पाण्यात ते पडलं होतं आणि झुळूक आली की झालर हलायची. वरची चकती हवेच्या कप्प्यांनी भरलेली असते, म्हणून ते तरंगतं. याचा डंख माणसाला बहुधा फारसा जाणवत नाही, पण एखाद्याच्या कातडीला खाज सुटते. त्यामुळे हात मागेच. लेक पाच मिनिटं उकिडवी बसून ते वहीत काढत होती. धागे मोजता मोजता तिने नाद सोडला आणि कडेला लिहिलं, "खूप".

पुढे शंभर पावलांवर पुतण्या थांबला. काही बोलला नाही, नुसतं बोट दाखवलं.

एक फुगा. बोटाएवढा लांब, पारदर्शक, निळसर, आणि वरच्या कडेला करंजीच्या मुरडीसारखी चुण्यांची किनार, तिच्यावर गुलाबी छटा. खालून निळा दोरा निघून वाळूवर वेडावाकडा पसरलेला. त्यावर बारीक मणी ओवल्यासारख्या गाठी होत्या. फुगा जेमतेम बोटभर, पण दोरा मी पावलांनी मोजला तर तीन पावलं भरला.

हीच ती ब्लू बॉटल. हिचं दुसरं नाव पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर. आपण हिला जेलीफिश म्हणतो, पण ती खरी जेलीफिश नाही. ती एकच एक प्राणी नाही, अनेक जिवांची वसाहत आहे. एक घटक फुगा होतो, दुसरे शिकार पकडतात, तिसरे पचवतात, चौथे पिल्लांची सोय बघतात. सगळे एकमेकांना जोडलेले, एकट्याने कुणीच जगू शकत नाही. फुगा म्हणजे तिचं शीड. काहींची मुरड डावीकडे कललेली असते, काहींची उजवीकडे, त्यामुळे एकाच वाऱ्यात काही किनाऱ्याकडे येतात आणि बाकीच्या समुद्रात राहतात. हे मी सांगत होते आणि पुतण्या खाली वाकला होता. दोन हातांवर, हात मागे. मग त्याने विचारलं, "ही मेलीय ना? मग आता काही करणार नाही?"

हा प्रश्न प्रत्येकाला कळायला हवा. मेलेलीही डंख करते. त्या दोऱ्यावर हजारो सूक्ष्म डंखपेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळी करून ठेवलेला एक पोकळ धागा असतो आणि स्पर्श होताच तो बाहेर फेकला जाऊन विष टोचतो. जीवसृष्टीतल्या सगळ्यात वेगवान हालचालींत ही गणली जाते, सेकंदाचा दहा लाखावा भागही लागत नाही. डंखपेशीला मेंदूचा हुकूम लागत नाही, आणि मेंदू मुळात नाहीच. त्यामुळे प्राणी मेला, तुकडे झाले, अगदी वाळून पुन्हा ओला झाला तरी ती फुटू शकते. गोड्या पाण्यानेही फुटते. मी बाटली ओतली होती ना, तेव्हा तेच झालं. जे धागे अजून शांत होते तेही मी माझ्या हाताने जागे केले. वाळू चोळण्यानेही तेच झालं.

"म्हणून जास्त दुखलं होतं," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो त्या दिवसाबद्दल आपणहून बोलला.

आम्ही अजून तिथेच होतो तेवढ्यात एक मोठा ग्रुप आला. चारपाच वर्षांचा एक मुलगा सगळ्यांच्या पुढे पळत होता. त्याला पुढचा फुगा दिसला. "बाबा, फुगा!" म्हणून तो खाली वाकला, हात पुढे. मला ओरडायला सुचायच्या आत पुतण्या धावला आणि त्याने मुलाला मागून उचलून घेतलं. मुलगा रडायला लागला, बाप चिडून आला. पुतण्याने मुलाला खाली ठेवलं आणि स्वतःच्या पायावरची फिकट रेघ दाखवली. दोन वर्षांनंतरही ती पुरती गेलेली नाही. "दादा, हे याने झालं होतं. मेलेला असला तरी चावतो. दोन हात लांबून दाखवा त्याला." बापाने रेघ बघितली, फुगा बघितला, आणि मुलाला कडेवर घेऊन तो स्वतः वाकून बघायला लागला. त्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी नंतर बूट घातले. मी हे लांबून बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते.

आता डंख झालाच तर काय करायचं ते इथेच सांगते. आधी माणसाला पाण्याबाहेर आणा, त्याला पळू देऊ नका. जखम समुद्राच्याच पाण्याने धुवा. चिकटलेले धागे चिमट्याने उचला, चिमटा नसेल तर हाताला जाड कापड किंवा प्लास्टिक गुंडाळून. घासायचं नाही, खरवडायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश, तो भाग वीस मिनिटं ते पाऊण तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या चांगल्या हातापायावर तपासा, नाहीतर भाजेल. लघवीचा उपाय बिलकुल करू नका. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशच्या डंखावर वापरतात, पण ब्लू बॉटलच्या बाबतीत जाणकारांचं एकमत नाही, त्यामुळे ओळख पटली नसेल तर त्याच्या नादी लागू नका. श्वास लागला, छातीत दुखलं, उलट्या झाल्या, चेहऱ्याला किंवा डोळ्याला लागलं, डंख मोठ्या भागावर पसरला किंवा लहान मूल असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. आमच्या पिशवीत चिमटा, जाड हातमोजे आणि गरम पाण्याचा थर्मास होता. एवढं पुरतं.

परत येताना होड्यांजवळ मांगेला समाजातल्या एक मावशी जाळं झाडत बसल्या होत्या. एक ऑगस्टपासून मासेमारी उघडली होती. जाळ्यातून त्यांनी एक गोळा फावड्याने बाजूला ढकलला. छोट्या परातीएवढा, दुधट, जाड, खोबऱ्याच्या वडीसारखा घट्ट, आणि उलटा केल्यावर खाली फुलकोबीचे गुच्छ असावेत तसे लोंबणारे हात. ही मात्र खरी जेलीफिश. या गटाला छत्रीच्या, म्हणजे वरच्या घुमटासारख्या भागाच्या, कडेने लांब धागे नसतात, गुच्छांतल्या असंख्य बारीक छिद्रांतूनच ती खाते. गुजरातच्या किनाऱ्यावर अशा काही जाती पकडून मीठ आणि तुरटी लावून सुकवतात, चीनकडच्या बाजारासाठी. मावशींना मात्र तिचा वैताग.

"जाळं भरतं, मासळी चेपते, आणि हात खाजतो तो वेगळाच. हातमोजे घालायचे, आणि त्या हाताने डोळ्याला लावायचं नाही. एवढं पाळलं की झालं," त्या म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळून, "बाई, बोंबील घेऊन जा."

"श्रावण आहे हो."

"मग भाद्रपदात या. गणपती गेल्यावर."

तो गोळा उन्हात पडून होता. जेलीफिशचं अंग सुमारे ९५ टक्के पाणीच. दुपारी पुन्हा बघितलं तर परातीएवढ्या त्या जिवाचा वाळूला चिकटलेला पापुद्रा तेवढा उरला होता.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि अळुवड्या. संध्याकाळी मुसळधार पाऊस लागला आणि मुलांनी काकूंकडून पाऊणकीचा पाढा पाठ केला.

रविवार : खडकातली फुलं

सकाळी सामान आवरून डहाणूच्या दिशेने निघालो आणि वाटेत एका खडकाळ पट्ट्यावर थांबलो. ओहोटी साडेदहाच्या आसपास होती. खडकांवर जायचं तर पाणी मागे सरकत असताना जा, आणि ते वळलं की तुम्हीही वळा. सपाट किनाऱ्यावर भरती गुपचूप बाजूने येते आणि मागची वाट बंद करते. आम्ही फोनला गजर लावला होता.

खडकातल्या एका डबक्यात सासूबाईंना फूल दिसलं. तपकिरी देठ, वर पाकळ्यांचं चक्र. त्या म्हणाल्या, "समुद्रात शेवंती!" ते समुद्रपुष्प, सी ॲनिमोन. जेलीफिशच्या नात्यातलंच. पाकळ्या म्हणजे तिच्यासारखेच डंखाचे धागे, फक्त हे खडकाला तोंड वर करून बसतं आणि ती तोंड खाली करून तरंगते. जेलीफिशसुद्धा बालपणी अशीच कुठेतरी चिकटून बसलेली असते. अळी तळाला चिकटते, तिचं छोटं देठ होतं, मग त्या देठाच्या एकावर एक चकत्या पडतात, आणि एकेक चकती सुटून छोटी जेलीफिश म्हणून पोहत निघते. लेकीला हे सांगताना मी केळ्याच्या चकत्या केल्या. तिने त्या एकेक करून खाल्ल्या आणि म्हणाली, समजलं.

छत्रीवर चार नाल मांडल्यासारखे दिसणारी चंद्र-जेलीफिश, म्हणजे मून जेली, मला मुलांना दाखवायची होती. ती मिळाली नाही. बॉक्स जेलीफिशही नाही, आणि ती न दिसल्याचं मला दुःख नाही. तिची छत्री चौकोनी डब्यासारखी असते, धागे फक्त चार कोपऱ्यांतून निघतात, आणि ती जवळजवळ पारदर्शक असते. तिच्या काही जातींचा डंख जिवावर बेततो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचं पाणी चहासारखं गढूळ असताना असला पारदर्शक जीव वीतभर अंतरावरून दिसणार नाही. त्यामुळे कितीही ओळखता यायला लागलं तरी या दिवसांत पाण्यात उतरू नका. लाटा आणि ओढ यांचा धोका तर वेगळाच आहे. हिवाळ्यात, शांत पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत सरका. वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा, मग आपणहून बाजूला होतं.

डबक्याच्या कडेला पुतण्याला आणखी एक जेलीफिश सापडली. पांढरट, पारदर्शक, लाटेबरोबर आत-बाहेर होणारी. आम्ही सगळे हात मागे बांधून वाकलो. लाट ओसरली आणि तिच्यावर एका दुकानाचं नाव दिसलं. प्लास्टिकची पिशवी.

कुणी हसलं नाही. जे आम्हाला इतक्या जवळून पाच माणसांना कळलं नाही ते कासवाला कसं कळणार? समुद्री कासवं जेलीफिश खातात, लेदरबॅक कासव तर मुख्यतः त्यावरच जगतं. आपल्याकडच्या ऑलिव्ह रिडलेच्या खाण्यातही ती असते. पिशवी गिळली की पोटात अडकते. डहाणूला जखमी समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे, कारण पावसाळ्यात जाळ्यात अडकून जखमी झालेली कासवं या किनाऱ्याला लागतात. असं कासव दिसलं तर पाण्यात परत ढकलू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पुतण्याने हातमोजे घातले आणि ती पिशवी काढली. मग आम्ही त्या पट्ट्यावरून गोणीभर पिशव्या उचलल्या, गजर वाजेपर्यंत.

काकूंनी दिलेले सुकवलेले चिकू खात दुपारी घाट चढलो. मोखाड्याच्या पुढे कुठेतरी लेकीने तोच प्रश्न फिरवून विचारला, "मग आपल्या गोदावरीत जेलीफिश असते का?"

गोदावरीचं मी सांगू शकले नाही, पण सह्याद्रीतल्या नद्यांचं सांगितलं. मालवणला जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना डोंगरदऱ्या धुंडाळत, आणि पश्चिम घाटातल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तोवर तसली जेलीफिश फक्त आफ्रिकेत असते असा समज होता. १९१२ साली 'नेचर'मध्ये त्याची नोंद छापली गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांचंच नाव आहे. ती इवलीशी असते, माणसाला काही करत नाही. मागच्या सीटवर एकदम शांतता पसरली. मग पुतण्या म्हणाला, "म्हणजे कुणीतरी फक्त नीट बघितलं."

अंधार पडायच्या आत नाशिक गाठलं.

मंगळवारी संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा मुलांनी गंगापूर धरणावर नेण्याचा हट्ट धरला. पाणी काठोकाठ होतं, वारा पडलेला. दोघं काठापासून दोन हात लांब थांबली, हात पाठीमागे बांधले आणि वाकली. मी वही आणायला गाडीकडे गेले, परत आले, तरी ती तशीच वाकलेली होती.